बाबांना दमा आहे. जानेवारीत डोंबिवलीहून पुण्याला बारशाला न्यायचंय, थंडी झेपेल का?

मामा झालात, आधी अभिनंदन!

तुम्ही लिहिलंय की बारसं जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाषाणला आहे, आईबाबांनी सत्तरी ओलांडलीय, बाबांना दमा आहे आणि फोनवर पुण्याचं तापमान 9 अंश दिसल्यापासून आई ‘तूच जाऊन ये बाबा’ म्हणतायत. दोघांनाही घेऊन या. फक्त गाडीची वेळ नीट निवडा आणि त्याच दिवशी परत फिरायचा हट्ट धरू नका.

तो 9 चा आकडा खोटा नाही, पण तो पहाटेचा. त्याच दिवशी दुपारी इथे 28-29 अंश असतात आणि माणसं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात रसवंतीवर उभी असतात. तुमच्याकडे खाडी-समुद्र जवळ, हवा दमट, त्यामुळे रात्री तापमान फारसं उतरत नाही. पुणे साधारण 560 मीटर उंचीवर. हिवाळ्यात हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन अंधार पडला की भराभर निवते. मधेच दोन दिवस ढग आले की पहाटेचा पारा चढतो आणि पेपरात ‘थंडी गायब’ छापून येतं. म्हणून आठवडाभर आधीचे आकडे बघून घाबरण्यात अर्थ नाही. निघायच्या आदल्या दिवशी बघा.

शिवाय पुण्याचं तापमान म्हणजे नेमकं कुठलं, हाही प्रश्न आहेच. बातम्यांत येतो तो आकडा बहुतेक वेळा शिवाजीनगरचा, सिमला ऑफिसच्या वेधशाळेतला. (हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून इथे हललं, म्हणून हे नाव. बसस्टॉपही त्याच नावाचा आहे. तो वाचून बाबांना हुडहुडी भरायला नको.) मगरपट्टा, वडगाव शेरीकडे पहाटे यापेक्षा चांगलंच उबदार असतं. पाषाण मात्र शिवाजीनगरच्या जोडीनं गारठतं, कधी त्याहून जास्त. विद्यापीठ चौकातून पाषाण रस्त्याला स्कूटर वळवली की एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) झाडीपाशी हँडलवरची बोटं आखडायला लागतात, ते आम्हा इकडच्यांना पाठ आहे. तेव्हा बहिणीच्या घरी थंडी पडणार हे धरूनच चला.

दम्याच्या माणसासाठी मला थंडीपेक्षा धुराची जास्त काळजी वाटते. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यापेक्षा उबदार असते, त्यामुळे धूर वर जातच नाही, खालीच साचून राहतो. त्यात सोसायटीच्या गेटपाशी रात्रपाळीच्या वॉचमनची शेकोटी, आणि तिच्यात पालापाचोळ्याबरोबर पुठ्ठे, प्लास्टिक, हाताला लागेल ते. सकाळी सातला बाणेर-पाषाण टेकडीवरून खाली बघितलं तर तो करडा थर सरळ डोळ्यांना दिसतो. बाबांना पहाटे फिरायची सवय असेल तर इथे ती नऊनंतर. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या आणि इनहेलर हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

गाडी म्हणाल तर माझं मत सकाळच्या डेक्कन एक्सप्रेसला. सीएसएमटीहून सातला निघते, कल्याणला पाऊण-एक तासात येते आणि अकराच्या सुमारास पुण्यात. म्हणजे घाट उजेडात, उतरताना छान ऊन. शिवाजीनगरला थांबते, तिथून पाषाण जवळ पडतं. वेळ एकदा तपासून घ्याच. इंद्रायणी लवकर पोचवते खरी, पण तिच्यासाठी म्हाताऱ्या माणसांना चारला उठवून अंघोळी करायला लावायच्या, कशाला? कारनं येणार असाल तर शनिवारची सकाळ टाळा, बोरघाटात अडकलात की आईंचे गुडघे तुम्हाला माफ करणार नाहीत. बारशाचा मुहूर्त सकाळचा असेल तर आदल्या दिवशीच या.

आता कपडे. माझी मावशी ठाण्याहून येताना शाल, स्वेटर, कानटोपी सगळं आणते आणि घरात अनवाणी फिरते. मग रात्री पाय चोळत बसायचं. आमच्याकडे घरात हीटर वगैरे भानगड नसते, आणि संध्याकाळी सहानंतर फरशी अशी गार पडते की पाऊल टेकवत नाही. दोघांसाठी जाड मोजे आणि घरात घालायच्या सपाता आणा. स्वेटर एखादा कमी पडला तर इथे मिळेल.

अंघोळीचं पाणी हा आणखी एक पुणेरी विषय. बऱ्याच सोसायट्यांत सोलर आहे आणि गरम पाणी सकाळीच, ठरावीक वेळेपर्यंत येतं. नळ सोडला की आधी गारच येतं, बादलीभर जाऊ द्यावं लागतं. मुंबईची मंडळी तिथेच ‘गरम पाणी नाहीये’ म्हणून ओरडतात. आदला दिवस ढगाळ गेला असेल तर मात्र ते खरंच कोमट येतं. घरात गीझर आहे का, हे बहिणीला आधीच विचारून ठेवा.

आणि आणखी एक गोष्ट तिला विचारा: बोरन्हाण याच वर्षी करणार की पुढच्या? बारशाला लागूनच संक्रांत येतेय, आणि बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. आईंनी एकदा का काळं झबलं आणि हलव्याचे दागिने बघितले की त्या काही चौथ्या दिवशी डोंबिवलीला परतत नाहीत. त्यांचं परतीचं तिकीट आत्ता काढू नका.