जांभळ्या कडेची ती पट्टी मार्केंशिया नव्हे

प्रश्न असा होता: "पाचगणीजवळ घरामागे जुना दगडी बांध आहे. पावसाळ्यात त्याच्या सांध्यांतल्या मातीवर हिरव्या चपट्या पट्ट्या उगवतात. कडा जांभळट, टोकाच्या खालच्या बाजूला मोहरीएवढे काळे मणी. दिवाळीनंतर सगळं काळं पडून गुंडाळतं आणि पुढच्या पावसात परत हिरवं होतं. हे शेवाळ 'मार्केंशिया' आहे असं सांगतात. खरं का? घासून काढावं का? लिव्हरला औषधी असतं म्हणे."

नाही, मार्केंशिया नाही. ज्यांनी तसं सांगितलं त्यांनी ती पट्टी उलटी करून पाहिलेली नाही, एवढं तुमच्या प्रश्नावरूनच कळतं. टोकाखालचे काळे मणी, वाळल्यावर काळ्या नळ्या, पावसात पुन्हा हिरवळ, हे तीनही धागे टार्जिओनिया हायपोफायलाकडे जातात. हायपोफायला म्हणजे 'पानाखाली'. नावातच उत्तर आहे, आणि लिनियसनं ते 1753 साली छापलं. पावणेतीनशे वर्षांनंतरही आपण वरूनच पाहून नाव ठेवतो.

शेवाळ हा शब्दही इथे सोडा. ही यकृतका, म्हणजे लिव्हरवर्ट. मार्केंशियाही यकृतकाच. शैवाल वेगळं, मॉस वेगळं.

चपटी, दोन-दोन फांद्यांत दुभागलेली पट्टी दिसली की मार्केंशिया, ही सवय आपल्याकडे कॉलेजच्या प्रॅक्टिकल जर्नलमधल्या आकृतीनं लावलेली आहे. कोणी शंका घेतली तर पुरावा म्हणून छेद दाखवतात: वर छिद्रं आहेत, त्याखाली हवेच्या पोकळ्या आहेत, खाली खवले आहेत, आणि रायझॉइड, म्हणजे मुळांसारखे धागे, दोन प्रकारचे, गुळगुळीत आणि आतून काटे असलेले. झालं, मार्केंशिया! अहो, हे सगळं टार्जिओनियात आहे, प्लॅजिओकॅस्मात आहे, ॲस्टेरेलात आहे. छिद्रं सोडली तर बरंचसं रिक्सियातही आहे. या सगळ्या यकृतकाच. ही त्या गणाची लक्षणं. चार पाय आणि शेपूट दिसलं म्हणून म्हैस ठरवण्यातला हा प्रकार, आणि त्याला प्रॅक्टिकलला पूर्ण गुण मिळतात, याचा मला खरोखर राग येतो.

तर काय पाहायचं? आधी नमुना नीट घ्या. मातीसकट चाकूनं दोन-तीन सेंटिमीटरची खपली उचला आणि कागदाच्या पुडीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो, दोन-तीन दिवसांत बुरशीचे धागे येतात आणि नेमकी टोकं, म्हणजे जिथे सगळं पाहायचं असतं ती जागा, आधी सडते. वाळलेला नमुना असेल तर बशीत पाणी घालून दहा मिनिटं थांबा. गुंडाळलेल्या कडा आपोआप उलगडतात. नखानं उलगडायला गेलात तर काठ तुटतो आणि खवले निघून येतात. माती मऊ रंगाच्या ब्रशनं, पाण्याखालीच झटकायची. नळाखाली धरलं की काळे मणी वाहून जातात.

आता 10 पट भिंग. टार्जिओनियाची पट्टी 2 ते 5 मिलिमीटर रुंद, एक-दीड सेंटिमीटर लांब, चामड्यासारखी, वर बारीक पांढरे ठिपके. मार्केंशिया पॉलिमॉर्फा सेंटिमीटरभर किंवा त्याहून रुंद, कित्येक सेंटिमीटर लांब, आणि पाठीवर षटकोनी जाळी स्पष्ट. पाठीवर कप शोधा. गोल कप, आत हिरव्या चकत्या, तर मार्केंशिया. अर्धचंद्रासारखा कप तर ल्युन्युलारिया. टार्जिओनियात कप नसतोच. पण कप नाही म्हणजे मार्केंशिया नाही, असं उलट म्हणू नका. मार्केंशियाच्या प्रत्येक तुकड्यावर कप असेलच असं नाही.

मग छिद्रं, आणि इथे मी अडून बसतो, कारण वाद बहुतेक वेळा इथेच मिटतो. ब्लेडनं वरच्या पृष्ठभागाचा पातळ पापुद्रा आडवा काढा, पाण्याच्या थेंबात ठेवा, 100 पट मोठं करून पाहा आणि फोकस हळूहळू खाली न्या. मार्केंशियाचं छिद्र पिंपासारखं असतं, पेशींची कडी एकावर एक रचलेली. फोकस खाली नेला की वरचं कडं पुसट होतं आणि खाली दुसरं कडं दिसू लागतं, बहुतेक वेळा चार पेशींचं, मधलं भोक फुलीसारखं झालेलं. टार्जिओनियाचं छिद्र साधं. पृष्ठभागापासून किंचित उचललेलं, भोवती पेशींची दोन-तीन वर्तुळं, आणि फोकस खाली नेला की थेट पोकळीतले हिरवे धागे. मध्ये दुसरा मजला नाही. हे पाहायला रंग नको, महागडा मायक्रोस्कोप नको, दोन मिनिटं लागतात.

उभा छेद घ्यायचा असेल तर गाजराच्या तुकड्याला चीर पाडून त्यात पट्टी अडकवा, ब्लेड नवं घ्या, पंधरा-वीस काप काढून वॉच ग्लासमध्ये (काचेच्या उथळ बशीत) पाण्यावर तरंगू द्या आणि सगळ्यात फिकट दिसेल तो उचला. पूर्ण गोल काप मिळायची गरज नाही, एका बाजूला पातळ होत गेलेला तुकडाही चालतो. वाळका नमुना नीट न भिजवता कापला तर पोकळ्यांची छतं कोसळतात आणि छिद्रांचा पत्ता लागत नाही. ताज्या नमुन्यात उलटी अडचण: पोकळ्यांतली हवा अडकून काळे डाग दिसतात आणि नवखे लोक त्यांना पेशी समजून रंगवून टाकतात. स्पिरिटचा एक थेंब सोडा, मिनिटभर थांबा, मग पाणी. हवा निघून जाते. फक्त स्पिरिटमध्ये जास्त वेळ ठेवलं तर हिरवा रंगही उतरतो आणि तैलपिंड, म्हणजे पेशींतले तेलाचे कण, विरतात, म्हणून ते पाहायचे असतील तर आधी साध्या पाण्यात, ताज्या नमुन्यात पाहून घ्या.

खवल्यांकडे कोणी बघत नाही. पट्टी उलटी करून पाण्याखाली दोन सुयांनी एक खवला सुटा करा. टार्जिओनियात खवल्यांच्या दोनच रांगा, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक. खवला गडद जांभळा, चंद्रकोरीसारखा, टोकाला एकच अरुंद, निमुळतं शेपूट. मार्केंशियात रांगा जास्त, चार ते सहा. प्लॅजिओकॅस्मात दोनच रांगा, पण शेपटं रुंद, बुडाशी आवळलेली, आणि एका खवल्यावर एक किंवा दोन.

आता तुमचे मणी. ते मणी नव्हेत, दोन कवचांचे शिंपले आहेत, आकार थेट तिसऱ्यांसारखा, फक्त काळा चकचकीत. मादी अवयव कोवळेपणी टोकाजवळ वरच्या बाजूलाच येतात. पाठीकडची वाढ पुढे सरकत राहते आणि ते ढकलले जाऊन खाली जातात. फलन झालं की भोवती ही दोन कवचं तयार होतात. त्या फांदीची वाढ तिथे थांबते आणि नवी फांदी खालून, मधल्या शिरेतून फुटते. म्हणून जुनी टार्जिओनिया सांधे जोडत गेलेल्या साखळीसारखी दिसते. नर अवयव त्याच झाडावर, खालून निघालेल्या आखूड फांद्यांच्या टोकांच्या चकत्यांवर. त्या इतक्या लहान असतात की माती पूर्ण निघाल्याशिवाय दिसत नाहीत, आणि मग 'फक्त मादी झाडं मिळाली' अशी नोंद होते.

पाऊस ओसरल्यावर, माती अजून ओलसर असताना, शिंपला सुईनं उघडा. आत जवळजवळ बिनदेठाची गोल कॅप्सूल, म्हणजे बीजाणूंची पिशवी, असते. पाण्यात दाबली की तपकिरी बीजाणू आणि पिळाच्या दोरीसारखे धागे, म्हणजे इलेटर, बाहेर येतात. बीजाणू मोठे, साधारण 50 ते 80 मायक्रॉन, पृष्ठभागावर जाळी. मार्केंशिया पॉलिमॉर्फाची मादी छत्री देठावर उंच उभी राहते, तिला बहुधा नऊ बोटं असतात, आणि बीजाणू वरून वाऱ्यावर जातात. टार्जिओनिया छत्री उभारतच नाही. बीजाणू मातीला टेकून सुटतात. म्हणून "छत्री अजून आली नसेल" म्हणून वाट पाहणाऱ्यांनी पुढच्या वर्षीही वाट पाहावी.

या शिंपल्यावर मात्र एक फसवणूक आहे. प्लॅजिओकॅस्मातही मादी अवयवाभोवती दोन कवचांचं शिंपल्यासारखं आवरण असतं. फरक जागेचा: तिथे ते छोट्या देठावर, पट्टीच्या पाठीवर मधोमध, कधी एका ओळीत. इथे टोकाखाली, बिनदेठाचं. दुसरी फसवणूक सायथोडियम या यकृतकेची. तिचीही आवरणं टोकाच्या खालच्या बाजूला. पण ती अंधाऱ्या, ओल्या कपारीत, किल्ल्यांच्या टाक्यांच्या काठी मिळते, अगदी पातळ, पिवळट हिरवी, आणि कोनात पाहिली तर चमकते. वाळवून परत भिजवायला गेलात तर तिचा लगदा होतो. ॲस्टेरेलाच्या मादी डोक्याखाली पांढरी झालर लोंबते, तिथे घोटाळा होऊ नये. रिक्सिया मातीवर गोल फुलासारखी पसरते आणि तिची कॅप्सूल पट्टीतच रुतलेली असते. आणि पट्टीतून हिरवी शिंगं उभी दिसली तर ती यकृतकाच नव्हे, हॉर्नवर्ट आहे.

तुमच्या बांधावर ती टिकते त्याचं कारणही कडेच्या जांभळ्या रंगात आहे. पाणी कमी झालं की दोन्ही काठ वर वळून मध्ये मिटतात, हिरवा भाग आत झाकला जातो आणि बाहेर उरतात ते खालचे गडद खवले. ते ऊन अडवतात. पेशी मरत नाहीत, नुसत्या थांबतात. काळी पडली म्हणजे मेली, असं समजून पुडी फेकून देऊ नका.

एवढं लिहून झाल्यावर सांगतो की मी तुमचा नमुना पाहिलेला नाही. टोकाखालच्या शिंपल्यामुळे वंशाबद्दल, म्हणजे ती टार्जिओनिया आहे याबद्दल, मला फारशी शंका नाही. पण भारतातून टार्जिओनिया इंडिका हीसुद्धा नोंदलेली आहे, त्यामुळे प्रजातीचं नाव लेबलवर पक्कं लिहायचं तर बीजाणू पाहावेच लागतील. सह्याद्रीत मार्केंशिया नाहीच असंही माझं म्हणणं नाही. तिच्या काही प्रजाती ओढ्याकाठी, जिथे ओल हटत नाही तिथे आहेत. पॉलिमॉर्फा मात्र भारतात मुख्यतः हिमालयाकडची. 2017 साली तिचा जीनोम प्रसिद्ध झाला, जगभरच्या प्रयोगशाळांत तीच वाढवतात, पुस्तकांत तीच असते. पण तेवढ्यानं ती पाचगणीच्या बांधावर येत नाही.

लिव्हरचं औषध म्हणाल तर पट्टीचा आकार यकृताच्या पाळीसारखा दिसतो म्हणून जुन्या युरोपातल्या लोकांनी तसा समज करून घेतला. तेवढाच आधार. खाऊ नका, काढा करू नका.

आणि घासून काढण्याचं: रायझॉइड दोन-चार मिलिमीटरपलीकडे जात नाहीत, त्यामुळे ही पट्टी दगड फोडत नाही. उलट सांध्यांतली माती धरून ठेवते. पायरीवर वाढली असेल आणि पाय घसरत असेल तर तेवढीच जागा खुरप्यानं खरवडा, ओली असताना. वाळल्यावर ब्रश मारलात तर तुकडे उडून शेजारच्या सांध्यांत पडतील, आणि टोक शाबूत असलेला तुकडा जूनमध्ये पुन्हा हिरवा होईल.