इंग्रजी इडियम्समागच्या ज्या गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात त्या खऱ्या असतात का?

तुम्ही विचारलंय की मुलीला शाळेत इंग्रजी इडियम्सच्या उगमावर प्रोजेक्ट दिलाय तर फॅमिली ग्रुपवर आलेली यादी तशीच उतरवून काढली तर चालेल का. नका काढू. त्यातल्या कुत्र्यामांजरांच्या, शवपेटीच्या आणि १८५७ च्या तिन्ही गोष्टी गंडलेल्या आहेत.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हणजे मुसळधार पाऊस पडणं, त्याचंच घ्या. म्हणे पूर्वी इंग्लंडात घरं गवताने शाकारलेली असायची, कुत्री-मांजरं छपरावर झोपायची आणि पाऊस आला की घसरून धपाधप खाली पडायची. आता ज्याने कोकणात एक तरी पावसाळा काढलाय त्याला विचारा, पाऊस लागल्यावर मांजर चुलीपाशी येऊन बसतं की छपरावर जाऊन भिजतं? ही थाप १९९९ साली एका ईमेल फॉरवर्डमधून जगभर पसरली, त्यात १५०० च्या काळात लोक कसे राहायचे असं सांगत अजून बऱ्याच थापा कोंबल्या होत्या आणि तोच माल आता मराठीत फिरतोय. याच्या जवळपासचे प्रयोग सतराव्या शतकात छापील सापडतात, आणि १७३८ मध्ये लेखक जोनाथन स्विफ्टने लोकांच्या घासून गुळगुळीत झालेल्या बोलण्याची टर उडवताना हा वाक्प्रचार वापरलाय, म्हणजे तेव्हाच तो शिळा झाला होता.

'सेव्ह्ड बाय द बेल' म्हणजे ऐनवेळी थोडक्यात वाचणं. म्हणे चुकून जिवंत पुरलेल्या माणसाला शवपेटीतून वाजवता यावी म्हणून घंटा बांधायचे, ती वाजली की तो वाचायचा. त्या घंटेशी याचा काही संबंध नाही, ते बॉक्सिंगमधलं आहे. मार खाऊन आडवा व्हायला आलेला गडी राउंड संपल्याची घंटा वाजली म्हणून वाचतो, बस्स.

'बाइट द बुलेट' (शब्दशः, गोळी चावणं) याची गोष्ट मात्र आपल्याकडे फार चालते, कारण हा वाक्प्रचार १८५७ च्या उठावातून आला असं त्यात घुसवलंय. एनफिल्ड रायफलची काडतुसं, त्यांना गाय-डुकराची चरबी, ती दाताने तोडायची, हे सगळं आपण शाळेत शिकलोय त्यामुळे लगेच पटतं. पण शिपाई तोडायचे ते काडतुसाचं कागदी टोक, आतली दारू नळीत ओतायला, गोळीला दात लावायचं काही कारणच नव्हतं. आणि तारखा बघा ना. फ्रान्सिस ग्रोज नावाच्या माणसाने इंग्रजीतल्या रांगड्या, बाजारू शब्दांचा कोश केला होता, त्याच्या १७९६ च्या आवृत्तीत 'नाइटिंगेल' हा शब्द दिलाय. अर्थ काय, तर फटक्यांची शिक्षा होताना ओरडणारा शिपाई! काही पलटणींत ओरडणं म्हणजे इज्जत गेली असं मानायचे म्हणून ते गडी तोंडात गोळी धरून चावायचे, असं तिथे चक्क लिहिलंय. हे उठावाच्या साठेक वर्षं आधीचं. पुढे हिंमत धरण्याच्या अर्थाने 'बाइट द बुलेट' इंग्रज लेखक किपलिंगच्या १८९१ च्या कादंबरीत येतो (तेच ते, मुंबईत जन्मलेले). सिनेमात भूल न देता ऑपरेशन करताना गोळी चावायला देतात, त्याचेही फारसे पुरावे नाहीत, अमेरिकेच्या यादवी युद्धापर्यंत तर क्लोरोफॉर्म आलेला होता.

मी एक साधी चाचणी लावतो. गोष्टीत माणसाचं नाव, गाव, साल आहे का? नुसतं 'पूर्वीच्या काळी लोक' असं असेल तर सरळ सोडून द्यायचं. नाव-साल असेल तरी ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत तो वाक्प्रचार सगळ्यात आधी कधी छापला गेला ते बघायचं, गोष्टीच्या आधीच छापलेला निघाला की गोष्ट खलास.

या चाचणीत पास होणारा म्हणजे 'हॉब्सन्स चॉइस'. थॉमस हॉब्सन हा केंब्रिजचा माणूस, १६३१ मध्ये वारला, टपाल-सामान वाहायचा आणि घोडे भाड्याने द्यायचा. युनिव्हर्सिटीतली पोरं येऊन नेहमी तेच तेच चांगले घोडे मागायची आणि दामटून दामटून त्यांची वाट लावायची, म्हणून याने नियमच केला की दाराशी जो घोडा असेल तोच मिळेल, परत आलेला घोडा रांगेत शेवटी. हवा तर हा घे नाहीतर चालत जा. कवी मिल्टनने तो गेल्यावर त्याच्यावर दोन कविता केल्यात. फक्त अर्थ नीट लिहायला सांगा, बरेच जण याचा अर्थ 'इकडे आड तिकडे विहीर' असा लावतात, तो नाही, इथे आड एकच आहे, म्हणजे पर्याय एकच, घ्या नाहीतर सोडा.

दुसरी घ्या 'स्टील माय थंडर', म्हणजे माझी कल्पना किंवा माझं श्रेय दुसऱ्याने पळवणं. जॉन डेनिस नावाच्या नाटककाराने १७०९ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात आपल्या नाटकासाठी ढगांच्या गडगडाटाची नवी युक्ती काढली, नाटक पडलं, आणि थोड्याच दिवसात तिथेच मॅकबेथ बघायला गेला तर तोच गडगडाट! तो भडकून ओरडला की माझं नाटक चालू देत नाहीत पण माझी गर्जना चोरतात, अशी गोष्ट अठराव्या शतकापासून सांगितली जाते. शब्द तंतोतंत तेच होते का यावर वाद घालता येईल पण माणूस, थिएटर, साल सगळं खरं.

प्रोजेक्टला चित्र लागणारच, तर हॉब्सनचा तबेला काढायला सोपा आहे, सगळ्यात पुढे एखादा मरतुकडा घोडा आणि मागे धष्टपुष्ट सगळे.