रीडचा आकडा म्हणजे इयत्ता नव्हे

दहावीचे निकाल लागले की पुढच्या दोन महिन्यांत एक प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हमखास येतो. "मॅडम, हा आता बराच पुढे गेलाय, तर त्याला भारी क्लॅरिनेट घेऊन द्यावी का?" आईवडील असं विचारतात. मुलगा एकटा असला की म्हणतो, "माझा आवाज नीट लागत नाही, कारण माझी क्लॅरिनेट प्लास्टिकची आहे." आज एका मुलाच्या निमित्ताने याचं सविस्तर उत्तर देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि आठ भेटींतलं मोजकंच घेतलं आहे.

अकरावीतला मुलगा, मुलुंडहून आईबरोबर आला होता. पाच वर्षं यामाहाच्या २५५ मॉडेलवर शिकत होता. हातात एक कागद होता: बुफे आर१३, साडेतीनच्या रीड, आठवी ग्रेड, वेबरचं कॉन्चर्टिनो. म्हणजे एक महागडी लाकडी क्लॅरिनेट, फुंकल्यावर थरथरणारी बोरूची ताठ पाती, संगीताची परीक्षा आणि एक तुकडा. आई म्हणाली, "काही लाखांची गोष्ट आहे. एफडी मोडावी लागेल. मोडू की नको, तेवढंच सांगा."

मुलगा पहिल्या भेटीत फारसं बोलला नाही. निघताना मात्र म्हणाला, "वीस मिनिटं वाजवलं की जबडा दुखतो. ओठ सुटतात. तीन आठवडे झाले, पेटीच उघडली नाही." एफडीपेक्षा मला या जबड्याची काळजी वाटली. पुढच्या वेळी क्लॅरिनेट आणि रीडची डबी घेऊन ये, एवढंच सांगितलं.

डबी उघडल्यावर बरंचसं कळलं. चार महिन्यांपूर्वी त्याने क्लॅरिनेटबरोबर आलेला ४सी माउथपीस, म्हणजे रीड जिला बांधतात ती तोंडात धरायची चोच, काढून व्हॅन्डोरेनचा बी४५ लावला होता, आणि त्याच आठवड्यात २.५ च्या रीड सोडून थेट त्याच कंपनीच्या ३.५ च्या व्ही१२ रीड घेतल्या होत्या.

"मधे तीनवर का नाही थांबलास?"

"ग्रुपमधले सगळे साडेतीनवर आहेत. मला साडेतीनवरच वाजवता यायला पाहिजे."

"आणि उद्या परत अडीचवर आलास तर?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग मागे पडलो ना मी. नापास झाल्यासारखं."

वाक्यातला 'च' ऐकणं ही माझी जुनी सवय आहे. विवेकनिष्ठ विचारसरणीवर माझा भर आहे. 'आलं तर बरं' आणि 'आलंच पाहिजे' यांत एका अक्षराचा फरक असतो, पण माणूस अडकतो तो त्या अक्षरात. मी त्याला त्याचाच कागद परत दिला आणि म्हटलं, यातल्या आकड्यांवर गोल कर. तेरा, साडेतीन, आठ. तीन गोल झाले.

"यातला मार्क कुठला?"

तो गोलांकडे बघत राहिला. उत्तर आईने दिलं. "अरे, हा चपलेचा नंबर आहे. नऊ नंबरवाला सातवाल्याच्या पुढे असतो का?"

मुलगा हसला. चार महिन्यांत पहिल्यांदा, असं आई नंतर म्हणाली. अशा वेळी आपण मधे बोलू नये, हे मी वर्षानुवर्षं शिकले आहे. त्या दिवशी मी पाच मिनिटं काहीच बोलले नाही. मग तोच म्हणाला, "आठवी ग्रेड हा मार्कच आहे. बाकी दोन नाहीत." खरं होतं. दहावीपर्यंत टक्केवारीत वाढलेलं मूल रीडच्या खोक्यावरचा आकडाही निकालासारखा वाचतं. ही गोष्ट मला त्याच्यामुळे नीट दिसली, आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक मुलाचा कागद मी अशाच गोलांनी वाचते.

आता आकडे काय सांगतात ते. रीडवरचा आकडा बोरूच्या पात्याचा ताठपणा दाखवतो. तोही कंपनीगणिक बदलतो: रिकोची तीन ही व्हॅन्डोरेनच्या तीनपेक्षा मऊ लागते. किती ताठ रीड चालेल, हे बरंचसं माउथपीसच्या टोकाकडच्या फटीवर ठरतं. बी४५ ची फट १.१९५ मिलिमीटर आहे, एम३० ची १.१५, ५आरव्ही लायरची १.०९५. फट मोठी असली तर मऊ रीड घ्यावी लागते. लहान असली तर ताठ रीड सहज बोलते. या मुलाने फट आणि ताठपणा एकाच आठवड्यात वाढवला होता. मुरलेले वादक अशी जोडी वाजवतात, पण त्यांचे ओठ अनेक वर्षांत घडलेले असतात. सोळा वर्षांचा मुलगा ती कमतरता जबड्याने भरून काढतो. तो रीड चावतो, सूर चढतो, आवाजात हवा येते आणि जबडा दुखतो. त्याला वाटतं, वाद्य हलकं आहे.

म्हणून पहिला नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि ती किमान आठवडाभर ठेवायची. पहिल्या आठवड्यात माउथपीस तोच, रीड फक्त २.५ आणि ३ च्या. मेट्रोनोम ६० वर लावून प्रत्येक सूर आठ मात्रा लांब धरायचा, खालच्या ई पासून वर. फोन दोन मीटरवर ठेवून रेकॉर्ड करायचं. कोणत्या रीडने वाजवलं ते लिहून ठेवायचं आणि तीन दिवसांनी न बघता ऐकायचं. रीड वापरताना साध्या पाण्यात मिनिटभर भिजवा. टोक माउथपीसच्या टोकाच्या अगदी बरोबरीला, वर केसभर काळं दिसेल असं ठेवा. लिगेचरचे, म्हणजे रीड बांधणाऱ्या पट्ट्याचे, स्क्रू रीड हलणार नाही इतकेच आवळा. चार रीड पाळीपाळीने वापरा, नवी रीड पहिल्या दिवशी पाच मिनिटांहून जास्त नको. पावसाळ्यात मुंबईत रीड उघडी ठेवली की फुगते आणि बुरशी धरते, म्हणून सपाट पट्टीच्या डबीत, बंद पिशवीत. उन्हात कधीच वाळवू नये, टोक वाकडं होतं. माउथपीस कोमट पाण्यातच धुवायचा, कारण गरम पाण्याने त्याचं एबोनाइट (कडक रबर) हिरवट पडतं आणि त्याचा आकारही बिघडू शकतो.

दुसऱ्या आठवड्यात गळतीची तपासणी. वरचा जोड एकटा काढा, बोटांनी भोकं बंद करा, खालचं तोंड तळहाताने दाबा आणि वरून हवा ओढा. ओढ काही सेकंद टिकली आणि हात काढताना 'टप्' झालं, तर जोड घट्ट आहे. याची ओढ टिकत नव्हती. ओलसर हवेत दोन पॅड, म्हणजे भोकं झाकणाऱ्या गाद्या, फुगून नीट बसत नव्हते. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने ते बदलले आणि खालचे सूर मोकळे झाले. गळकं वाद्य वाजवणारा नकळत जास्त जोर लावतो, आणि त्यात ताठ रीड. असा मुलगा स्वतःलाच दोष देत राहतो.

तिसरी गाठ सुटली तीही अनपेक्षित. त्याने मोझार्टच्या कॉन्चर्टोचा क्लॅरिनेटचा भाग आणि पियानोचं तयार रेकॉर्डिंग मिळवलं होतं, आणि त्याच्याबरोबर त्याचा सूर कधीच जुळत नव्हता. "मी बेसूर आहे," हे त्याने ठरवून टाकलं होतं. जुळवण्यासाठी तो बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा आखूड जोड, चार-चार मिलिमीटर बाहेर ओढत होता. हा कॉन्चर्टो, के. ६२२, १७९१ मध्ये बेसेट क्लॅरिनेटसाठी, म्हणजे आणखी खालचे सूर असलेल्या क्लॅरिनेटसाठी, लिहिला गेला, आणि आज तो ए पट्टीच्या क्लॅरिनेटवर वाजवतात. याच्याकडे होती बी फ्लॅट पट्टीची. ए साठी छापलेला भाग बी फ्लॅटवर वाजवला की अख्खं संगीत अर्धा सूर वर जातं. तेवढा फरक बॅरल ओढून भरत नाही. उलट बॅरल फार ओढली की नळी सर्वात आखूड असलेले मधले सूर, म्हणजे जी, ए आणि बी फ्लॅट, बाकीच्यांपेक्षा जास्त उतरतात. बी फ्लॅट क्लॅरिनेटसाठी पियानोची साथही त्या पट्टीत उतरवलेली आवृत्ती मिळते, ती घ्यायची. हे कळल्यावर तो म्हणाला, "म्हणजे माझा कान बरोबर होता." मला वाटतं, चार महिन्यांतलं त्याचं हेच सर्वात महत्त्वाचं वाक्य.

मग पुढे काय वाजवायचं? वेबरचं कॉन्चर्टिनो, ओपस २६, १८११ चं, सुंदर आहे, पण त्यातल्या भराभर जाणाऱ्या भागांत जबडा आवळणारा मुलगा आणखी आवळतो. मी त्याला दोन कसोट्या दिल्या. नव्या तुकड्याचं एक पान निम्म्या गतीत वाजवायचं. पाचपेक्षा जास्त ठिकाणी बोटं अडखळली तर तो पुढच्या वर्षी. आणि ज्याचा संथ भाग मनापासून वाजवावासा वाटत नाही, तो तुकडा घेऊच नये. दुसरी कसोटी माझी आवडती. त्याच्या सरांशी बोलून सां-साँस यांचा १९२१ चा सोनाटा, ओपस १६७, निवडला. पहिला भाग शांत आहे. तिसऱ्या संथ भागात खालच्या सप्तकात जोराने येणारी सुरावट पुढे वर, अगदी हलकी, परत येते. जबडा सोडून फुंकायला याहून चांगलं काही मला माहीत नाही. जोडीला मुंबईच्या एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा एखादा प्रत्यक्ष कार्यक्रम ऐकायला सांगितलं, म्हणजे फोनच्या स्पीकरवरचा आवाज हाच क्लॅरिनेटचा आवाज असं कान मानणार नाही.

एफडी मोडली नाही. बारावीनंतर लाकडी क्लॅरिनेट बघायची, असं तिघांनी ठरवलं. तेव्हा दुकानात स्वतःचा माउथपीस, वापरातल्या दोन रीड आणि ट्यूनर न्यायचा. तिथल्या प्रत्येक वाद्यावर तोच माउथपीस लावायचा, नाहीतर तुलना माउथपीसचीच होते. मधल्या बी फ्लॅटवरून बी वर जाताना आवाजाचा पोत किती बदलतो ते ऐकायचं. नव्या लाकडाला पहिले काही आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटंच, आणि एसी हॉलमध्ये पेटी दहा मिनिटं बंद ठेवून वरचा जोड हातात कोमट केल्यावरच फुंकायचं. थंड लाकडात अचानक गरम श्वास गेला की ते चिरू शकतं.

शेवटच्या भेटीत तो तीनच्या रीडवर आला होता. विचारलं, "तीनवर कसा आलास?" म्हणाला, "अडीचची मऊ वाटायला लागली. साडेतीन ट्राय केली, चावायला लागलो, परत ठेवली." डबीत प्रत्येक रीडवर पेन्सिलीने तारीख लिहिली होती.