वेर्ण्यातली नोकरी सोडून एकट्याने धंदा सुरू करावा, की मित्राला अर्ध्यात घ्यावं?

एकट्यानेच करा. मित्र विश्वासू आहे असं तुम्ही लिहिलंय. माझे थोरले दीरही विश्वासूच आहेत.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात माझा काजूगराचा छोटा कारखाना आहे. मार्च ते मे रोख मोजून बी घ्यायची आणि गर विकायचा वर्षभर. खरा उठाव चतुर्थी-दिवाळीला. चार किलो बियांतून जेमतेम किलोभर गर. म्हणजे पैसा कायम अडकलेला. म्हणून भावजी म्हणाले, निम्मे मी घालतो, बाईमाणसाला बाजारात उधारी कोण देणार? मी नको म्हटलं. घरात बरेच दिवस अबोला होता.

मग एका मेमध्ये वळीव लवकर कोसळला. एक व्यापारी टेम्पोभर बी घेऊन दारात. दर बराच खाली, वर पैसे चतुर्थीनंतर दिले तरी चालतील म्हणे. भावजी ओसरीवर होते, त्यांनी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. मी पोत्याच्या तळातल्या मूठभर बिया काढून कापल्या. वरच्या पांढऱ्या, तळच्या काळवंडलेल्या. भिजकी बी! तिचा गर डागी निघतो, तुकड्याच्या भावाने द्यावा लागतो. व्यापाऱ्याला चहा पाजला आणि परत पाठवला. भावजी म्हणाले, चार माणसांत माझा शब्द खाली पाडलास.

पाडला. भागीदारी असती तर तो शब्द मला निस्तरावा लागला असता. १९३२ चा भागीदारी कायदा असा आहे की एकाने धंद्यासाठी केलेली उधारी सगळ्यांची, आणि वसुली कुणाही एकाकडून पूर्ण होऊ शकते. अर्धं-अर्धं म्हणताना हे कुणी बोलत नाही.

तसा गोव्यात लग्न झालेला माणूस धंद्यात एकटा नसतोच. वेगळा करार केला नसेल तर इथल्या नागरी कायद्याने मालमत्ता दोघांची. आयकरातही पगार सोडून बाकीची कमाई नवरा-बायकोत निम्मी-निम्मी धरतात. १९६१ च्या कायद्यात त्यासाठी कलम ५-अ होतं. भागीदार नको म्हणून मी घरभर भांडले आणि माझा निम्मा नफा दिसतो ह्यांच्या रिटर्नमध्ये. हे कारखान्याकडे फिरकतही नाहीत! तुमचं लग्न झालं असेल तर मित्राआधी बायकोला विचारा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. बेळगावला माल पाठवणार असाल तर उलाढाल कितीही असो, जीएसटी नोंदणी आधी काढा.

आता दुसरी बाजू. एकट्याची मालकी म्हणजे धंद्याचं कर्ज थेट तुमच्या घरादारावर. ते नको तर २०१३ च्या कायद्यातली एक व्यक्ती कंपनी आहे, पण बँक तिथेही बहुधा तुमची जामीनकी मागेलच. आणि आजारी पडलात की सगळं ठप्प. माझ्याकडे बी फोडणाऱ्या बायकांपैकी एक आता बी कापून दर ठरवते, तिला पगारही तसाच देते. असं माणूस पहिल्या वर्षापासून तयार करा.

मित्राचे पैसे हवेच असतील तर कर्ज म्हणून घ्या, व्याज ठरवून, कागदावर. भावजींना मी हेच सुचवलं होतं. त्यांनी ठेव केली बँकेत.