मागून डोलणारी छोटी फोर बाय फोर: शॉक तपासा, पण त्याआधी पॅनहार्ड रॉड

तुम्ही लिहिलंय की गाडी छोट्या व्हीलबेसची फोर बाय फोर आहे, पुढे-मागे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आडवा भाग) आणि कॉइल स्प्रिंग, ७० हजार किमी झालेत आणि दोन इंचांची लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करणारे भाग, बसवलेली आहे. ताशी ८० च्या पुढे स्टेअरिंग सरळ धरूनही मागचा भाग डावी-उजवीकडे डोलतो, खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा वरखाली होते, आणि गॅरेजमध्ये चारही शॉक (स्प्रिंगचे हेलकावे शमवणारे शॉक ॲब्सॉर्बर) बदला म्हणून सांगितलंय.

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. वरखाली होणं हे शॉकचं काम बिघडल्याचं लक्षण, त्याबद्दल वाद नाही. पण डावी-उजवीकडे डोलण्याला शॉक क्वचितच एकटे जबाबदार असतात. तुमच्या गाडीत शॉक जवळजवळ उभे असतात, ते ॲक्सलला आडवं धरूच शकत नाहीत. ते काम पॅनहार्ड रॉडचं, म्हणजे ॲक्सलला आडवं धरून ठेवणाऱ्या दांड्याचं. त्याचं एक टोक चॅसीला, दुसरं ॲक्सलला, आणि दोन्ही टोकांच्या डोळ्यांत (गोल कड्यांत) रबरी बुश, म्हणजे आत लोखंडी नळी असलेलं रबराचं अस्तर. ते बुश ढिले झाले की बॉडी ॲक्सलवर आडवी सरकते आणि नेमकं तुम्ही सांगताय तसंच होतं. त्यामुळे आज चारही शॉक बदललेत तर खड्ड्यातल्या उड्या थांबतील, डोलणं बहुतेक तसंच राहील.

सगळ्यात आधी टायरची हवा बघा, टायर थंड असताना. वाळूत किंवा चिखलात जाऊन आल्यावर एका टायरला ३-४ पीएसआय कमी राहिली तरी उंच साइडवॉलचे टायर गाडीला झुलवतात. टपावर कॅरिअर आणि सामान असेल तर ते उतरवून एक फेरी मारा.

आता पॅनहार्ड रॉड. गाडी सपाट जागेवर, चारही चाकं जमिनीवर, चाकांना दगड किंवा ठोकळे, इंजिन बंद. एकाला बाहेर उभं राहून बॉडीच्या मागच्या खांबापाशी गाडी आडवी हलवायला सांगा, लयीत, जोर वाढवत. तुम्ही रॉडच्या टोकावर बोट असं ठेवा की अर्धं बोट डोळ्यावर आणि अर्धं ब्रॅकेटवर येईल. चांगला बुश फक्त पिळतो, डोळा आणि ब्रॅकेट एकत्र हलतात. गेलेल्या बुशमध्ये डोळा आधी सरकतो आणि मग ब्रॅकेटवर आदळतो, तो टकटक धक्का बोटाला लगेच कळतो. टॉर्च मारून रबर बघा: बारीक चिरा वयाने पडतातच, पण रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलं असेल किंवा नळी एका बाजूला बसली असेल तर बुश गेला. बोल्टभोवती गंजाची लालसर पूड किंवा घासून चकचकीत झालेलं लोखंड दिसलं तर बोल्ट ढिला राहून भोक लांबट झालंय. अशा वेळी नवा बुश टाकून काही उपयोग नाही, आधी ब्रॅकेट दुरुस्त करावा लागेल. पुढच्या रॉडची तपासणी सोपी: इंजिन चालू ठेवून मदतनीसाने स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि तुम्ही बाजूने बघायचं. तेव्हा गाडीखाली शिरू नका.

लिफ्टचाही इथे हात आहे. रॉडची लांबी ठरलेली, गाडी वर गेली की रॉड जास्त तिरपा होतो आणि ॲक्सल चॅसीच्या टोकाकडे ओढला जातो. ८०० मिमीचा रॉड, दोन टोकांच्या उंचीत आधी ५० मिमी फरक होता आणि आता १०० झाला, तर ॲक्सल साधारण ५ मिमी सरकतो, म्हणजे डाव्या आणि उजव्या टायरपासून चॅसीच्या अंतरात १० मिमीचा फरक दिसतो. एवढ्याने गाडी डोलत नाही. पण तिरप्या रॉडमुळे प्रत्येक चढउतारावर बॉडी आधीपेक्षा जास्त आडवी सरकते, आणि शॉक कमजोर असतील तर ते चढउतार लवकर शमत नाहीत. तुमच्या दोन तक्रारी इथे एकमेकींना मिळतात. फरक जास्त असेल तर लांबी बदलता येणारा रॉड घ्या.

मागच्या ट्रेलिंग आर्मचे, म्हणजे ॲक्सलला पुढे-मागे धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे, बुशही विसरू नका. मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी ५०-६० ला ॲक्सिलरेटर सोडा, परत दाबा. सोडताना शेपूट एका बाजूला आणि दाबताना दुसऱ्या बाजूला जात असेल तर एका आर्मचा बुश ढिला आहे आणि ॲक्सल तिरका होतोय. शेपूट नव्हे, तर पुढचं टोकच रस्ता शोधत फिरतंय असं वाटलं तर लिफ्टमुळे कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी झालाय का ते अलाइनमेंटवर मोजून घ्या. स्टेअरिंग हातात थरथरत असेल तर पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगा: खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिनचं, म्हणजे चाक ज्या खिळीभोवती वळतं तिचं, बेअरिंग. नवा स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे धक्के शमवणारा छोटा शॉक) लावून थरथर दाबू नका, दोष आत तसाच वाढत जातो.

आता शॉक. कोपरा दाबून सोडण्याची चाचणी सगळे सांगतात, पण अशा गाड्यांचे स्प्रिंग कडक असतात आणि हाताने दाबताना शॉकचा दांडा अगदी हळू चालतो. त्या चाचणीत नापास झालेला शॉक नक्की गेलेला, पास झालेला चांगलाच असेल असं नाही. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत तर पाट्यांचं आपसातलं घर्षणच हेलकावा थांबवतं. त्यापेक्षा तळहात टायरवरून फिरवा. ठरावीक अंतरावर खोलगट चट्टे लागले तर चाक रस्त्यावर उड्या मारतंय. शॉकच्या अंगावर तेलकट धुळीचा पातळ थर चालतो. तो पुसा, ५० किमी चालवा, परत बघा: ओघळ खालपर्यंत आला असेल तर सील गेलं. खडबडीत रस्त्यावर १५-२० मिनिटं चालवून लगेच चारही शॉकचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. शॉक हालचालीची उष्णता करतो, म्हणून एकाच ॲक्सलवरचा एक गरम आणि दुसरा गार असेल तर गार असलेला काम करत नाहीये.

शेवटचा निकाल शॉक काढूनच लागतो. काढण्याआधी ॲक्सलला स्टँडचा आधार द्या. बऱ्याच गाड्यांत ॲक्सल किती खाली जावा हे शॉकच ठरवतो, तो सुटला की ॲक्सल लोंबतो आणि ब्रेकचा होज ताणला जातो. काही लहान फोर बाय फोरमध्ये हँडब्रेक प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर) असतो. तिथे एक मागचं चाक उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे) हँडब्रेक असून नसल्यासारखा होतो, म्हणून ठोकळे हवेतच. काढलेला शॉक गाडीत असतो तसा उभा धरा आणि पूर्ण ताणून-दाबून चार-पाच वेळा चालवा, मगच निष्कर्ष काढा. ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) शॉक आडवा पडून राहिला की आतल्या नळीत हवा शिरते आणि चांगला शॉकही मध्येच रिकामा वाटतो. त्यानंतरही मधल्या टप्प्यात दांडा अचानक सैल सुटत असेल, अडकत असेल, किंवा ताणताना दाबण्यापेक्षा कमी जोर लागत असेल तर व्हॉल्व्ह गेलेत.

बदलायचे तर ॲक्सलवरची जोडी बदला. तुमच्या तपासणीत पुढचे ठीक निघाले तर फक्त मागचे दोन घ्या. लांबी लिफ्टनुसार हवी: चाक पूर्ण वर गेल्यावर बंपस्टॉप (ॲक्सलची वरची हालचाल थांबवणारा रबरी ठोकळा) आधी टेकला पाहिजे आणि शॉकमध्ये निदान १५-२० मिमी जागा उरली पाहिजे, नाहीतर नवा शॉक आतून फुटेल. वरचा नट फिरवताना दांडा पक्कडीने धरू नका. एक ओरखडा सील कापायला पुरतो. गॅसच्या शॉकजवळ ज्योत नेऊ नका, गंजलेल्या नटावर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

नव्या जोडण्यांत सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे चाकं हवेत लोंबत असताना बुशचे बोल्ट शेवटचे आवळणं. रबर त्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं, काही महिन्यांत फाटतं. शॉक, पॅनहार्ड, ट्रेलिंग आर्म, सगळे बोल्ट आधी नुसते बसवा, गाडी चाकांवर उतरवा, दोनदा हलवून घ्या आणि मग मॅन्युअलमधल्या टॉर्कला (ठरवून दिलेल्या आवळण्याच्या जोराला) आवळा. ५०० किमीनंतर तोच टॉर्क पुन्हा तपासा.

क्रम असा ठेवा: आधी हवा, मग मागच्या पॅनहार्डचे दोन्ही बुश, आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, त्याच हवेवर एक फेरी. डोलणं गेलं की नाही हे तेव्हाच कळेल, शॉकचे पैसे खर्च होण्याआधी.