रात्रीच्या खाऊची किल्ली कुणाकडे?

ताई, वृद्धाश्रमात तुमच्या आईंचं जेवण संध्याकाळी साडेसहाला, नाश्ता सकाळी साडेआठला, मधे काहीच नाही, आणि पहाटे तीनला घाम फुटतो. वाचलं आणि आमचाच जुना त्रास आठवला. हे अंतर १४ तासांचं आहे. अमेरिकेतल्या नर्सिंग होमना (म्हणजे तिथली वृद्धांची शुश्रूषागृहं) रात्रीचं जेवण आणि नाश्ता यांत याहून जास्त वेळ जाऊ देता येत नाही. झोपताना पोषक खाणं दिलं आणि रहिवाशांच्या गटाने मान्य केलं, तरच १६ तास.

आधी घामाचं बघा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर दोन-तीन रात्री तीन वाजता साखर तपासायला सांगा. ७० च्या खाली आली आणि माणूस शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. व्होग्लिबोज (मधुमेहाचीच एक गोळी) चालू असेल तर घरातली साखर लवकर लागू पडत नाही, म्हणून पावडरच ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. डोस मात्र डॉक्टरच बदलतील, तुम्ही-आम्ही नाही.

आता खरी चूक. डबा भरून दिला की काम झालं असं वाटतं. पण डबा जातो ऑफिसच्या कपाटात, किल्ली व्यवस्थापकांकडे, आणि ते सातला घरी. रात्रपाळीच्या मावशींच्या हातात काहीच नसतं. त्यात रात्रीच्या खाऊचं विचारलं की आम्हाला ऑफिसातून दरवेळी तोंडी एकच उत्तर, "नियमात बसत नाही". कुठला नियम, ते कधी दाखवलं नाही. तोंडी बोलण्यात महिने घालवू नका. अर्ज द्या, पोच घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डॉक्टरांकडून औषधांच्या तक्त्यातच लिहून घ्या: "रात्री ९ वाजता दूध १५० मिली आणि राजगिऱ्याचा एक लाडू." रात्रीची सिस्टर तोच कागद बघते, आणि दिल्यावर सही करावी लागते. डबा खोलीतच ठेवायची परवानगीही त्याच अर्जात मागा.

दूध टेट्रापॅकचं द्या, न फोडलेल्याला फ्रिज लागत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर दुधाचंही आधी विचारा. लाडू दुधात कुस्करून द्यायचा. भडंग कितीही आवडत असला तरी रात्री नको, कोरडे चुरमुरे घशात अडकतात. कवळी काढायच्या आधी खाऊ, आणि खाल्ल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं. लगेच आडवं केलं तर ठसका लागतो.