सिमलिंक बदलली, एररही नाही, तरी ती जुन्याच फोल्डरकडे का जाते?

म्हणजे तुमची करंट नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइल-फोल्डरकडे बोट दाखवणारी, शॉर्टकटसारखी लिंक) व्ही१ फोल्डरकडे होती, ती व्ही२ कडे वळवायला तुम्ही एलएन -एसएफ व्ही२ करंट (ln -sf v2 current, एलएन ही लिंक बनवायची कमांड) मारलं, काही एरर नाही आला आणि लिंक अजून व्ही१ लाच चिकटलेली. आधी व्ही१ च्या आत जाऊन एलएस -एल (आत काय काय आहे त्याची यादी) मारा. तिथे व्ही२ नावाची एक लिंक पडलेली असणार, पैज लावतो.

होतं काय, करंट ही फोल्डरकडे जाणारी लिंक आहे त्यामुळे एलएन तिच्यातून सरळ पलीकडे जातं, आणि शेवटचं नाव फोल्डर असेल तर कॉपीची कमांड सीपी कसं आत कॉपी टाकतं तसं हे आत लिंक टाकून मोकळं होतं. त्याच नावाचं जुनं उडवणारा -एफ दिला होता ना, असं म्हणाल, पण त्याने उडणार ती आतली व्ही२, करंटला तो हातच लावत नाही. उलट -एफ नसता तर दुसऱ्यांदा मारल्यावर करंट/व्ही२, फाइल एक्झिस्ट्स अशी बोंब आली असती आणि त्या पाथवरूनच ट्यूब पेटली असती.

त्यात ती आत पडलेली लिंक स्वतःकडेच बघत बसते, कारण रिलेटिव्ह पाथ (नुसतं व्ही२ असा अर्धवट पत्ता) तुम्ही उभे आहात तिथून नाही, लिंक जिथे आहे तिथून धरतात. तिच्यावर कॅट (फाइल वाचून दाखवणारी कमांड) करून बघा, टू मेनी लेव्हल्स ऑफ सिंबॉलिक लिंक्स येईल. मला पहिल्यांदा हाच एरर दिसला होता, तोही बॅकअपच्या लॉगमध्ये, आणि मी येड्यासारखा संध्याकाळभर परमिशन्स तपासत बसलो.

आता आरएम व्ही१/व्ही२ करून तो कचरा काढा (शेवटी स्लॅश नको) आणि एलएन -एसएफएन व्ही२ करंट मारा. -एन म्हणजे करंटच्या पलीकडे जाऊ नको, लिंकलाच बदल. मॅकवर पण चालतं. लाइव्ह सर्व्हर असेल तर मी लिनक्सवर आधी तात्पुरत्या नावाने लिंक बनवतो आणि एमव्ही -टी ने (mv -T, नाव बदलायची कमांड, -टी म्हणजे करंटच्या आत टाकू नको) करंटवर आणून ठेवतो, रिनेम एका झटक्यात होतं, मधे लिंक गायब असण्याचा क्षणच येत नाही.

हे करूनही जुनंच दिसलं तर घाबरू नका, ज्या टर्मिनलमध्ये आधीच सीडी करंट केलंय ते अजून व्ही१ मध्येच उभं आहे, पीडब्ल्यूडी -पी ने (pwd -P, खरं फोल्डर कोणतं ते दाखवतं) कळेल. आधीपासून चालू असलेल्या सर्व्हिसचं पण बहुतेक तेच, ती रीस्टार्ट करा.